वाचक आणि सूचक : वाचनाच्या एका सुटलेल्या सवयीविषयी

'वाचनसंस्कृती लोप पावत आहे' हे वाक्य आपणा मराठीच्या प्राध्यापकांना इतके पाठ झाले आहे की, ते उच्चारताना आता कोणाला दुःखही होत नाही. चर्चासत्राच्या उद्घाटनात ते येते, ग्रंथप्रदर्शनात येते आणि दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात तर हमखास येते. मीही ते अनेकदा म्हटले आहे. परंतु गेल्या काही वर्षांत ते म्हणताना जीभ अडखळू लागली. विद्यार्थी वाचत नाहीत हे खरे; पण मी तरी वाचत होतो का? घरात भिंतभर पुस्तके आहेत. रोज काही ना काही वाचले जाते. तरीही एखादी कादंबरी केवळ वाचावीशी वाटली म्हणून शेवटची कधी वाचली, हे मला आठवेना. हातात पेन्सिल घेतल्याशिवाय पुस्तक उघडता येत नसे. दहा-बारा पाने झाली की मन सांगे, हे तिसऱ्या घटकाला उपयोगी पडेल, यावर एक शोधनिबंध होईल. वाचन चालू होते; त्यातला आनंद कधी निघून गेला, ते कळलेच नव्हते.

असे झाले की मनुष्य पूर्वीच्या दिवसांकडे पाहतो. मीही पाहिले. पाहताना लक्षात आले की, 'पूर्वी लोक आनंदाने वाचत' असे आपण म्हणतो तेव्हा तो 'पूर्वी' म्हणजे नेमका कोणता काळ आणि ते 'वाचणे' म्हणजे नेमकी कोणती कृती, हे आपण कधी विचारत नाही. मराठीत वाचनाची सवय एकदा नव्हे, अनेकदा बदलली आहे. प्रत्येक वेळी जुनी सवय सुटली, प्रत्येक वेळी कोणीतरी हळहळले आणि प्रत्येक वेळी आनंदाने आपली जागा बदलली. या स्थलांतरांचा थोडा मागोवा घ्यावा, आणि त्यात आपण काय टाकले व काय टाकायला नको होते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे आजोळ मांडवगण फराटा. शिरूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे गाव. नदीपलीकडे दौंड तालुका. आज हा सगळा उसाचा पट्टा आहे. गावात वाघेश्वराचे मंदिर आहे. लहानपणी श्रावणात आजोळी गेलो की, संध्याकाळची जेवणे उरकल्यावर शेजारच्या ओसरीवर पोथी लागलेली असे. एका वर्षी 'हरिविजय', एका वर्षी 'पांडवप्रताप', एका वर्षी 'भक्तिविजय'. चौरंगावर लाल कापडात बांधलेली पोथी सोडली जाई आणि दोन माणसे समोरासमोर बसत. एक वाचक, दुसरा सूचक. वाचकाने ओवी म्हणायची आणि सूचकाने तिचा अर्थ सांगायचा. आमच्याकडचे वाचक स्वच्छ पण एकसुरी वाचत. सगळी रंगत सूचकाच्या हाती असे. द्यूताचा प्रसंग आला की तो धर्मराजाला बाजूला ठेवून बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांची हकिगत सांगे. ऐकणारे हसत, कोणी मध्येच प्रश्न विचारी, वाती वळणारी एखादी म्हातारी सूचकाला दुरुस्त करी. कृष्णजन्माच्या अध्यायाला सुंठवडा वाटला जाई. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पुढे काय होणार, ही उत्सुकता कोणालाच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ओसरी भरलेली असे.

या पोथ्या लिहिणाऱ्यांनी अशीच वाचनसभा डोळ्यांसमोर ठेवली होती. पंढरपूरजवळच्या नाझरे गावच्या श्रीधराने १७०२ साली 'हरिविजय', १७०३ साली 'रामविजय', १७१२ साली 'पांडवप्रताप' आणि १७१८ साली 'शिवलीलामृत' पूर्ण केले. ताहराबादच्या महिपतीचा 'भक्तिविजय' १७६२ सालचा. दोघेही पदोपदी 'श्रोते' या शब्दाने ग्राहकाला हाक मारतात. ग्रंथ एक, आवाज एक आणि कान अनेक, हे गृहीत धरूनच ती ओवी घडली आहे. म्हणूनच ती कानावरून सहज सरकते आणि सहज पाठ होते. काव्यगुणांच्या तराजूत आपण श्रीधराला मुक्तेश्वराखाली ठेवतो. परंतु साक्षरता नगण्य असलेल्या प्रदेशात अडीच-तीन शतके ज्याचे ग्रंथ वर्षानुवर्षे पुन्हा उघडले गेले, त्याला वाचनाच्या इतिहासात कोणती जागा द्यायची, हा प्रश्न आपण अभ्यासक्रमात कधी विचारलेला नाही.

या ओसरीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तिथे कोण ओसरीवर, कोण अंगणात आणि कोण अंगणाबाहेर बसणार हे ठरलेले असे. पोथीला हात कोणी लावायचा आणि कोणी नाही, बायकांनी कोणत्या दिवशी लांब बसायचे, हेही ठरलेले असे. नवे पुस्तक तिथे येत नसे. सूचकाने कितीही मोकळेपणाने अर्थ सांगितला तरी पोथीतल्या मूळ व्यवस्थेला धक्का लागत नसे. हा आनंद होता. पण तो पहारा असलेल्या घरातला आनंद होता.

तो पहारा ज्यांना टोचत होता त्यांनीच पुढे ही सवय मोडली, हे लक्षात ठेवले पाहिजे. १८४८ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. याच वर्षी पुण्यात पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. याच वर्षी लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली. आणि याच वर्षी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार कोणाला आणि तो आम्हाला का नाही, हा त्या निबंधातला एक प्रश्न आहे. ज्याला ओसरीवर जागाच नाही त्याने ओसरीवरच्या सामुदायिक आनंदाची महती का गावी? त्याच्या दृष्टीने स्वतःच्या हातात स्वतःचे पुस्तक येणे, हीच मुक्तता होती.

स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये, आपण वाचायला शिकलो म्हणून घरातल्या बायकांकडून काय काय सोसावे लागले, ते सविस्तर सांगितले आहे. पोथी ऐकणाऱ्या स्त्रीला कोणी नावे ठेवत नव्हते. पुस्तक घेऊन एकटी बसणारी स्त्री मात्र कोणाला खपत नव्हती. एकान्त आणि मूकवाचन यांना आपण आज आत्ममग्नतेचे लक्षण मानतो. एकोणिसाव्या शतकात ते धाडस होते.

युरोपात हा बदल कसा घडला याविषयी रोल्फ एंगेलसिंग या जर्मन इतिहासकाराने एक उपपत्ती मांडली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जर्मन कुटुंबांत मोजकी पुस्तके, बहुधा बायबल आणि प्रार्थनापुस्तके, आयुष्यभर पुन्हा पुन्हा आणि बऱ्याचदा मोठ्याने वाचली जात. त्यानंतर पुष्कळ पुस्तके एकेकदा वाचून पुढे जाण्याची रीत आली. पहिल्या रीतीला त्याने सघन वाचन म्हटले आणि दुसरीला विस्तृत वाचन. पुढच्या अभ्यासकांनी या मांडणीवर आक्षेप घेतले. दोन्ही रीती बराच काळ शेजारी शेजारी नांदत होत्या, असे त्यांनी दाखवले. मराठीचा इतिहासही या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. छापखाना आला तेव्हा त्याने आधी जुन्याच सवयीची चाकरी केली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले. त्या काळात पोथ्याही छापल्या जाऊ लागल्या, त्याही सुट्या लांबट पानांच्या जुन्याच आकारात. यंत्र नवे होते, सवय मात्र जुनी होती. 'केसरी'च्या काळातही खेड्यात वृत्तपत्र एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, हीच रीत होती.

तरी विस्तृत वाचन आलेच, आणि त्याबरोबर तक्रारीही आल्या. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. त्यानंतर अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या कादंबऱ्यांची झडती घेतली. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांना 'वाचन' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. वाचनाविषयी लिहिण्याची गरज केव्हा भासते? ते गृहीत धरता येत नाही तेव्हा. म्हणजे ज्या काळाला आपण मराठी वाचनाची पहाट म्हणतो, त्या काळातच, काय वाचावे आणि कसे वाचावे याची काळजी सुरू झाली होती. आपली काळजी नवी नाही.

या काळजीच्या वातावरणात १८९० साली हरि नारायण आपट्यांनी साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले 'करमणूक'. मला हे नामकरण फार महत्त्वाचे वाटते. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या घनघोर वादाच्या दिवसांत, वाचन हे करमणुकीसाठी असू शकते, असे एका गंभीर लेखकाने मुखपृष्ठावर छापले. आणि त्याच 'करमणुकी'त 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः प्रसिद्ध झाली. विधवेच्या दुःखाची कहाणी करमणूक नावाच्या कागदावर येते, यात विसंगती नाही. आनंद आणि गांभीर्य यांची फारकत हरिभाऊंना मान्य नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. ती फारकत पुढे आपण, शिकवणाऱ्यांनी, केली.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. पुस्तके झाली, वाचक शहरात झाले, खेड्याचे काय? याचे एक उत्तर महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी राजाने दिले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली डब्ल्यू. ए. बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभे करण्यास सुरुवात केली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव पाठवायच्या, ठरावीक मुदतीने त्या पुढच्या गावी न्यायच्या, अशी फिरती व्यवस्था त्यात होती. वाचायला शिकवले आणि पुढे वाचायला काही दिले नाही तर शिकवलेले पुसले जाते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे ही जाणीव उशिरा आली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात प्रौढांसाठी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गावातल्या प्रौढांनी रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवायची, गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा. त्या उत्साहाची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. कंदिलाच्या उजेडात हजारो माणसांनी पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले. परंतु समारंभानंतर पुष्कळ ठिकाणी वाचायला काही उरले नाही आणि नवसाक्षर पुन्हा निरक्षर होऊ लागले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. अ, ब, क, ड असे ग्रंथालयांचे वर्ग पडले, अनुदाने सुरू झाली. पण मधल्या काळात कितीएक बोटांखालची अक्षरे विरघळून गेली होती.

माझी आजी त्यांपैकी एक. मोहिमेच्या दिवसांत ती रात्रीच्या वर्गाला गेली, सही शिकली, अक्षरे जुळवायला शिकली. मग शेत, गुरे, सहा मुले. वर्षानुवर्षे तिच्यासमोर छापील कागद आला तो किराण्याच्या पुडीचा. परंतु 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय ती दर सोमवारी वाचत असे. मी तिसरी-चौथीत असेन, तेव्हा तिच्या शेजारी बसून मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. बोट एका ओळीवर होते आणि ती म्हणत होती ती ओवी दोन ओळी खाली होती. अध्याय तिला पाठ होता. अक्षरे तिला आता ओळखू येत नव्हती. मात्र पान संपण्याच्या क्षणी तिने बरोबर पान उलटले. मी शाळकरी मुलाच्या निर्दयपणाने तिला चूक दाखवली. ती रागावली नाही. म्हणाली, "बोट चुकलं आसंल, गोष्ट न्हाई चुकली."

बरीच वर्षे हा प्रसंग मी निरक्षरतेची शोकांतिका म्हणून वर्गात सांगत आलो. तो तसा आहेही. वाचनाची जी संधी तिला मिळायला हवी होती ती मिळाली नाही, आणि तिचे कौतुक करून हे पाप झाकता येणार नाही. पण आज त्याच प्रसंगाची दुसरी बाजू मला छळते. अक्षर गेल्यावरही जिचा ग्रंथ तिच्यापाशी राहिला, ती आजी; आणि अक्षरावर पोट भरत असून ज्याचा एकही ग्रंथ त्याच्यापाशी उरला नाही, तो मी. आमच्यापैकी वाचक कोण?

ओसरीवरची पोथी कशी थांबली, हेही मी पाहिले आहे. आपण मोबाईलला दोष देतो. पण ती त्याच्या कितीतरी आधी थांबली. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, १९८८ साली 'महाभारत' आले. ज्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्या घरी रविवारी सकाळी तीच माणसे, त्याच क्रमाने येऊन बसली. गोष्ट तीच, मंडळीही तीच. एकच माणूस कमी झाला होता. सूचक. पडद्यावरच्या द्यूतसभेला थांबवून बांधावरच्या भावांची हकिगत सांगता येत नाही. ऐकणारे पाहणारे झाले, आणि पाहताना बोलणाऱ्याला गप्प बसवू लागले. पुढे घरोघरी संच आले तेव्हा मंडळीही पांगली. भीमाकाठी उसाने पैसा आणला, त्या पैशाने आणलेल्या सुखांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सूचकाचे जाणे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण त्याला कोणी कधी साहित्यव्यवहाराचा भाग मानलेच नव्हते.

शहरी साहित्यव्यवहारातही साधारण त्याच सुमारास एक सवय सुटत होती. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. दर महिन्याला एक अंक यायचा, त्यातली कथा अनेकांनी एकाच वेळी वाचायची आणि तिच्यावर भांडायचे, हे मासिकाचे खरे काम होते. म्हणजे एका अर्थाने मासिक हा शिकलेल्यांचा सूचकच होता. तो गेल्यावर पुस्तके राहिली, वाचकही राहिले. एकाच वेळी तेच वाचणारी मंडळी राहिली नाही. याउलट जे टिकले ते पाहा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ती प्रथा आज शंभरी ओलांडून उभी आहे. कारण वर्षातून एकदा सर्वांनी मिळून वाचण्याचा तो सण आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले, तेव्हा छापील कथा पुन्हा आवाजात शिरली आणि माणसांनी मैदाने भरली. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले तेव्हा त्यात मराठी ध्वनिपुस्तके होती; आज कित्येक माणसे स्वयंपाक करताना, गाडी चालवताना कादंबरी ऐकतात. आवाज परत आला आहे. मंडळी मात्र परतलेली नाही. कानात यंत्र घालून ऐकणारा श्रोता ओसरीवरचा श्रोता नव्हे.

आता पुन्हा माझ्या, आणि कदाचित तुमच्याही, दुखण्याकडे येतो. वाचनाचा आनंद हरवल्याची एक प्रसिद्ध कबुली चार्ल्स डार्विनच्या आत्मचरित्रात आहे. ते त्याने १८७६ साली लिहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर १८८७ साली ते प्रसिद्ध झाले. तारुण्यात ज्या कवितेने अपार आनंद दिला तिची एक ओळही आता सोसवत नाही, शेक्सपिअर वाचून पाहिला तर कंटाळ्याने मळमळले, असे तो लिहितो. आपले मन तथ्यांच्या राशीतून नियम दळून काढणारे यंत्र झाले आहे, असे निदानही तो करतो. हा परिच्छेद पुष्कळांनी उद्धृत केला आहे. परंतु त्याच परिच्छेदातली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : कादंबऱ्यांचा आनंद त्याला अखेरपर्यंत मिळत होता, आणि त्या कादंबऱ्या त्याला घरात मोठ्याने वाचून दाखवल्या जात होत्या. जे त्याने एकट्याने वाचून पाहिले ते विटले. जे कोणीतरी वाचून दाखवले ते टिकले. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त काढू नये, हे डार्विननेच आपल्याला शिकवले आहे. तरी ही नोंद मला विसरता येत नाही.

आमच्या पेशाचे यंत्रही दळतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी शोधनिबंधांना गुण लावले, त्याआधीपासून परीक्षेने कवितेला गुण लावलेलेच होते. आम्ही वाचतो ते दळण्यासाठी आणि विद्यार्थ्यांनाही तेच शिकवतो. कथा हातात देण्याआधी तिची वैशिष्ट्ये देतो. कादंबरी वाचण्याआधी तिच्यावरचा प्रश्न देतो. मग तो विद्यार्थी कादंबरीऐवजी मार्गदर्शक पुस्तिका वाचतो. यात त्याचे काय चुकले? आम्ही जे मागितले ते त्याने सर्वांत कमी श्रमात आणून दिले. आम्ही स्वतःला सूचक समजतो, आणि सूचकाचे काम तर आम्ही कधीच सोडले आहे. सूचक ओवी झाल्यावर बोलत असे. आम्ही ओवीच्या आधी बोलतो. तो ग्रंथातून श्रोत्याच्या बांधापर्यंत येई. आम्ही ग्रंथातून प्रश्नपत्रिकेपर्यंत जातो.

मागच्या दोन वर्षांत मी काही सवयी सोडल्या. पेन्सिल सोडली, ती सर्वांत अवघड गेली. हाती घेतलेले पुस्तक संपवलेच पाहिजे हा हट्ट सोडला. आणि तिसरी म्हणजे, 'विद्यार्थी वाचत नाहीत' हे वाक्य सोडले. यातून चमत्कार झाला नाही. आनंद परत आला असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एखाद्या संध्याकाळी येतो, एखाद्या महिन्यात फिरकत नाही. मात्र वर्गात एक नवी सवय लावून घेतली, खरे तर जुनीच. आठवड्यातली एक तासिका फक्त मोठ्याने वाचायचे. प्रश्न नाहीत, वैशिष्ट्ये नाहीत. एकाने वाचायचे आणि ज्याला मध्येच काही सुचेल त्याने थांबवून बोलायचे. पहिले पुस्तक घेतले माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. १९५५ सालची ही छोटी कादंबरी. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या कोवळ्या मास्तराची. पहिल्या दोन तासिकांना कोणी बोलले नाही. तिसऱ्या तासिकेला मागच्या बाकावरच्या एका मुलाने थांबवले आणि आपल्या वाडीवरची एकशिक्षकी शाळा पट कमी म्हणून कशी अडचणीत आली, ते सांगितले. पाच मिनिटे तो बोलला. परीक्षेच्या दृष्टीने त्यातला एक शब्दही कामाचा नव्हता.

या पद्धतीला मर्यादा आहेत, हे मी जाणतो. अभ्यासक्रम मागे पडतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे जमत नाही. आणि मोठ्याने वाचण्याने एकान्तातल्या वाचनाची जागा भरून निघत नाही. मुक्ता साळवे आणि रमाबाई रानडे यांनी जे मिळवले ते ओसरीच्या मोहात गमावणे हा कृतघ्नपणा ठरेल. ओसरीवरची उतरंड सोडायलाच हवी होती. तिच्याबरोबर सूचकही सुटला, तो सोडायला नको होता. जुन्या सवयी सोडताना आपण गाठोडे उघडून पाहत नाही, सबंध गाठोडेच टाकून देतो.

गेल्या पावसाळ्यात भीमेकाठच्या एका गावातून येणारी विद्यार्थिनी 'बनगरवाडी'ची प्रत मागू लागली. घरी आजीला मोतीबिंदूमुळे दिसत नाही, तिला रात्री थोडे थोडे वाचून दाखवीन, म्हणाली. तीन आठवड्यांनी मी पुस्तकाची चौकशी केली, तेव्हा ते अजून निम्मेही झाले नव्हते. ती जरा वैतागली होती.

"काय करू सर? दोन ओळी वाचल्या की आजी मध्येच बोलायला लागते. आमच्या मास्तरांचं असं होतं, तमक्याच्या मेंढ्यांचं असं झालं... पुढे जाऊच देत नाही."

मी तिला म्हटले, पुस्तक परत करण्याची घाई करू नकोस.